राघूने पिसे का उपटली? पिंजऱ्याची दोन हजार वर्षे



मागच्या पावसाळ्यात आमच्या एका बचत गटाची मासिक बैठक एका मावशींच्या पडवीत होती. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात कुणाचे तरी लक्ष वर टांगलेल्या पिंजऱ्याकडे गेले आणि सगळ्याच गप्प झाल्या. आत मावशींचा राघू बसला होता. डोके हिरवेगार, गळ्याला गुलाबी-काळी पट्टी, चोच लालचुटूक. पण मानेच्या खाली छाती पार उघडी. गुलाबी कातडी, त्यावर कुठेतरी एखादे लोंबणारे पीस. पंखाखालीही तसेच.

मग प्रत्येकीने आपापला उपाय सांगितला. दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या उतरून टाका. खरूज आहे, हळद-तेल चोळा. पिसे झडायचा महिना आहे, येतील परत. मावशींनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अगं, झडत नाहीत. तोच उपटतो. मी रानातून येते तेव्हा पिंजऱ्याखाली पिसांचा सडा पडलेला असतो."

हा राघू मावशींची लेक चौथीत असताना घरात आला. लेकीनेच त्याला बोलायला शिकवले. शाळेतून आल्यावर ती दारातून जशी हाक मारायची, "आई, आले गं!", तशीच तो मारतो, अगदी तिच्या आवाजात. दोन वर्षांपूर्वी तिचे लग्न झाले. मावशी सकाळी कामावर जातात त्या दिवेलागणीला येतात. राघू दिवसभर एकटा. पिसे उपटणे सुरू झाले ते त्यानंतर.

त्या दिवशी आम्हाला काही सांगता आले नाही. नंतर मात्र आम्ही माहिती काढत राहिलो. आम्ही बी.ए.ला इतिहास शिकलो तो राजांचा, लढायांचा. घरातल्या पिंजऱ्याचा इतिहास कुणी शिकवला नव्हता. तो शोधताना असे दिसले की मावशींच्या पडवीतला प्रश्न फार जुन्या गोष्टीचे शेवटचे पान आहे. म्हणून आज ती गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

उत्तरेत मथुरेजवळ भूतेश्वर म्हणून जागा आहे. तिथे सापडलेल्या दगडी खांबांवर बायकांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. त्यातल्या एकीच्या हातात पिंजरा आहे आणि खांद्यावर पोपट. हे कोरीवकाम सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे, आज ते कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. म्हणजे तेव्हाही बाई, पोपट आणि पिंजरा असे चित्र लोकांच्या ओळखीचे होते. जवळपास त्याच काळातल्या वात्स्यायनाच्या ग्रंथात चौसष्ट कलांची यादी आहे. गाणे, नाच, रांगोळी, फुलांचे गजरे, आणि त्यातच पोपट-मैनेला बोलायला शिकवणे हीसुद्धा एक कला म्हणून मोजली आहे.

आपल्या महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या पुस्तकांपैकी एक म्हणजे गाथासप्तशती. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखला जाणारा हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या आजीच्या भाषेत आहे. त्यात शेतकरी आहेत, राखण करणाऱ्या बायका आहेत, आणि पोपटही आहेत. पुढे संस्कृतात शुकसप्तति आली. नवरा परगावी गेलेला, घरात बायको आणि पिंजऱ्यातला पोपट. ती रात्री बाहेर पडायला निघाली की पोपट गोष्ट सुरू करतो आणि ती थांबते. अशा सत्तर गोष्टी. चौदाव्या शतकात नख्शबी नावाच्या लेखकाने ती फारसीत तूतीनामा म्हणून सांगितली. सोळाव्या शतकात अकबर बादशहाच्या चित्रशाळेत तिची चित्रांची पोथी तयार झाली. जुन्या मराठीतही शुकबहात्तरी आहे.

या सगळ्या गोष्टींत पोपट शहाणा आहे, इमानी आहे, घराची अब्रू राखणारा आहे. पण तो स्वतः दिवसभर पिंजऱ्यात काय करतो, त्याला काय होते, हे कुणी विचारत नाही. त्याच्या तोंडी बोलतो तो माणूसच.

आपला पोपट परदेशीही गेला. सिकंदराबरोबर आलेल्या ग्रीक लोकांना बोलणाऱ्या पक्ष्याचे फार नवल वाटले. खांद्यावर लाल डाग असलेल्या आपल्या मोठ्या पोपटाला इंग्रजीत आजही सिकंदराच्याच नावाने ओळखतात. पहिल्या शतकात रोममध्ये प्लिनी नावाचा विद्वान होऊन गेला. त्याने लिहिले आहे की हा पक्षी भारतातून येतो, अंग हिरवे, गळ्यात लाल पट्टी, आणि बादशहाला नमस्कार करतो. पुढे तो असेही लिहितो की बोलायला शिकवताना त्याच्या डोक्यावर लोखंडी सळईने मारतात, कारण त्याचे डोके इतके टणक की साधा मार त्याला लागतच नाही. मैत्रिणींनो, आम्ही हे वाचले तेव्हा जरा थांबलो. आपल्या रानातला राघू रोमला गेला, दरबारात बसला, आणि सळईचा मार खाऊन नमस्कार म्हणायला शिकला.

आता आपल्या घरच्या ग्रंथाकडे येऊ. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इसवी सन १२९०. तिच्या सहाव्या अध्यायात ज्ञानेश्वर माउलींनी पोपटाचा दाखला दिला आहे. पोपट धरायला एक नळी टांगतात. पोपट तिच्यावर बसला की त्याच्या वजनाने नळी फिरते आणि तो उलटा होतो. खरे तर त्याने नळी सोडली की तो उडू शकतो. पण आपण बांधले गेलो असे वाटून तो तीच नळी आणखी घट्ट धरतो. माणूस आपल्याच भ्रमाने कसा अडकतो, हे सांगायला माउलींनी हा दाखला दिला. कीर्तनात तो आपण ऐकतो आणि माना डोलावतो. पण त्यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. सातशे वर्षांपूर्वी पोपट धरायची ही रीत आपल्या लोकांना इतकी माहीत होती की वेगळी समजावून सांगावी लागत नव्हती. फासा लावणारा होता, म्हणजे घेणाराही होता.

बाबर बादशहा १५२६ मध्ये दिल्लीला आला. त्याने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या पक्ष्यांविषयी लिहिले आहे. पोपट फक्त शिकवलेलेच बोलतो असे त्याला वाटे. पण त्याच्या पदरच्या एका माणसाने त्याला सांगितले की पिंजरा कापडाने झाकलेला असताना आतला पोपट म्हणाला, "माझे तोंड उघडा, माझा जीव गुदमरतोय." बाबर लिहितो, खरेखोटे सांगणाऱ्याच्या माथी, आपल्या कानाने ऐकल्याशिवाय विश्वास बसत नाही. खरे असो वा नसो, आम्ही वाचलेल्या जुन्या लिखाणात पोपटाचे स्वतःचे दुखणे आले ते इथे. आणि तिथेही ऐकणाऱ्याला ते खोटे वाटले.

आपल्या जात्यावरच्या ओव्यांत राघू-मैना पानोपानी आहेत. लेक म्हणजे मैना, भाऊ म्हणजे राघू. सासर म्हणजे पिंजरा असे आपण पटकन म्हणून जातो. आपल्या आज्यांनी त्या पाखराच्या आडून आपले दुःख सांगितले, आणि ते खरेच होते. पण गाण्यात आपण पाखरू असलो तरी पडवीत पिंजऱ्याची कडी आपल्या हातात आहे. हे बोलायला आम्हालाही जड गेले.

आणि गंमत पाहा, हाच राघू रानात आपला वैरी. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून आपणच गोफण फिरवतो, हाळ्या घालतो. थवा उठतो, पुन्हा उतरतो. तिथे तो एकटा कधी नसतो. कणसाला लोंबकळतो, दाणा सोलतो, अर्धा टाकतो, उडतो, भांडतो, ढोलीसाठी मारामाऱ्या करतो. त्याचा सगळा दिवस असा कामात जातो. घरात आणला की त्याच पाखराला आपण वाटीत डाळ, एक मिरची, पेरूची फोड देतो. पाच मिनिटांत जेवण उरकते. मग उरलेला दिवस त्याने काय करायचे?

पिसे उपटण्याचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते. रानातले पोपट स्वतःची पिसे अशी उपटत नाहीत. हे पिंजऱ्यातल्या पाखरांचे दुखणे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाने अमेझॉन जातीच्या पोपटांवर केलेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही पोपटांना साधा पिंजरा आणि वाटीत खाणे. काहींना खाणे शोधावे लागेल, कुरतडून काढावे लागेल, चढावे-उतरावे लागेल अशी सोय. साध्या पिंजऱ्यातल्यांची पिसे बिघडत गेली, दुसऱ्यांची चांगली राहिली. नंतर पहिल्या पोपटांनाही तीच सोय दिली, तर त्यांचीही पिसे सुधारली. २०२१ मध्ये पोपटांच्या अनेक जातींची तुलना करणारा अभ्यास आला. ज्या जातींना रानात खाणे मिळवायला, फोडायला, सोलायला जास्त खटपट करावी लागते, त्याच जाती पिंजऱ्यात पिसे जास्त खराब करून घेतात, असे त्यात दिसले. चोचीला काम नसले की चोच स्वतःच्या अंगाकडे वळते.

पण प्रत्येक वेळी कारण मनाचेच असते असे धरून चालू नका. अंगाचे दुखणेही असते. आम्ही मावशींच्या राघूला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरसाहेबांनी आधी त्याचे डोके पाहिले. म्हणाले, पोपटाची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. डोक्यावरची पिसे शाबूत आणि खाली अंग उघडे, म्हणजे तो स्वतः उपटतो. डोक्यावरचीही गेली असतील तर आजार असेल, किंवा जोडीचा पक्षी उपटत असेल. ही खूण सगळ्यांनी लक्षात ठेवा. पिसे झडण्याच्या दिवसांत जुने पीस पडते, नवे येते, पण अंगावर टक्कल पडत नाही.

नंतर त्यांनी इतर कारणे पाहिली. अंगावर उवा, गोचिडीसारखे किडे, कातडीचा संसर्ग, पोटातले जंतू. खाण्यात नुसती डाळ किंवा सूर्यफुलाचे बी असेल तर अ जीवनसत्त्व कमी पडते आणि कातडी कोरडी होऊन खाजते. जस्ताचा मुलामा दिलेली तार पोपटाने चावली तर जस्त पोटात जाऊन विषबाधा होऊ शकते. चुलीचा धूर, रात्रभर चालणारा टीव्ही आणि दिवा, अपुरी झोप, यांचाही त्रास होतो. पोपटाची पिसे आणि चोच बिघडवणारा एक विषाणूचा रोगही असतो.

काय करू नये, तेही त्यांनी सांगितले. हळद-तेल, खोबरेल, कडुनिंबाचे तेल अंगाला चोळू नका. तेलाने उरलीसुरली पिसे चिकटतात, मग त्याला थंडी वाजते, आणि चोचीने साफ करताना तेल पोटात जाते. पिसे उपटताना पाहून धावत जाऊन ओरडू नका. एकट्या पाखराला तेवढीच सोबत मिळते आणि सवय वाढते. माणसांची किंवा गुरांची औषधे अंदाजाने देऊ नका. आणि उशीर करू नका. तेच तेच पीस वारंवार उपटले की मूळ मरते आणि तिथे पुन्हा पीस येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या तब्येतीची. पोपटाच्या विष्ठेतून आणि पिसांच्या धुळीतून माणसाला तापाचा, फुप्फुसाचा एक आजार होऊ शकतो. पिंजरा झाडताना तोंडाला पदर बांधा, आधी पाणी शिंपडा. घरात कुणाला ताप-खोकला आला तर घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना सांगा.

आता कायद्याचे बोलू, कारण ते टाळून चालणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. आपला गळ्याला पट्टी असलेला हिरवा पोपट हा रानातला पक्षी आहे. तो धरणे, विकणे, विकत घेणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे, त्याला कैद आणि दंड आहे. खूप घरांत आहे म्हणून तो चालतो असे नाही. बाजारात येणारी पिल्ले झाडांच्या ढोलीतून, डोळेही नीट उघडले नसताना काढलेली असतात. कित्येक वाटेतच मरतात. मागे एका गटात पिल्ले आणून विकण्यासाठी कर्जाची मागणी आली होती. ताई खरोखर अडचणीत होत्या. गटाने त्या धंद्याला नाही म्हटले, पण ताईंना वाऱ्यावर सोडले नाही. तेवढीच रक्कम गावठी कोंबड्यांसाठी दिली. नाही म्हणायचे तर दुसरी वाट दाखवावी लागते, हे आम्ही त्यातून शिकलो.

बजरीगर, ज्यांना आपण लव्हबर्ड म्हणतो, किंवा कॉकाटील हे परदेशी पक्षी आहेत, त्यांना ही बंदी नाही. मोठ्या परदेशी पोपटांसाठी मात्र नोंदणीचे नियम आहेत, ते आधी विचारून घ्या. असे पक्षी ज्यांच्या घरी आहेत त्यांनी एवढे करावे. एकटा ठेवू नये. पिंजरा पंख पसरता येतील एवढा लांब-रुंद हवा. मक्याचे कणीस, शेंगा सोलून न देता तशाच द्याव्यात, खाणे पानात गुंडाळून द्यावे, कुरतडायला पेरूच्या डहाळ्या द्याव्यात. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, पपई द्यावी. आंघोळीला उथळ ताटलीत पाणी ठेवावे. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता द्यावी.

मावशींना कायदा सांगितला तेव्हा त्या घाबरल्या. आधी म्हणाल्या, सोडून देते झाडावर. तेही करायचे नाही. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या, पिसे गेलेल्या पाखराला उडता येत नाही, खाणे शोधता येत नाही. कावळे नाहीतर मांजर त्याला संध्याकाळपर्यंत ठेवत नाही. महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा फोन नंबर आहे. तिथे कळवले की ते मार्ग सांगतात.

मावशींनी पंधरा दिवस घेतले. त्या दिवसांत राघूला कणसे दिली, डहाळ्या दिल्या, पिंजरा धुराच्या बाजूने हलवला. उपटणे थोडे कमी झाले, पण थांबले नाही. एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला बोलावले. म्हणाल्या, "त्याची हाक ऐकली की वाटते लेक आली. म्हणून मी त्याला ठेवला. पण तो बोलतो ते लेकीचे बोलणे आहे. त्याचे बोलणे खाली पडलेय, पिसांत." मग त्यांनीच १९२६ ला फोन लावला. आम्ही शेजारी बसलो होतो. कुणी दटावले नाही. कर्मचारी आले, कागद झाला, पिंजऱ्यावर कापड टाकून घेऊन गेले. जाताना आतून आवाज आला, "आई, आले गं!" मावशी घरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आता तो वन विभागाच्या उपचार केंद्रात, मोठ्या जाळीत, आणखी पोपटांसोबत आहे. पाठीवर पिसे आली आहेत. छातीवरचा मधला भाग तसाच आहे, तो बहुतेक तसाच राहील. उडतो, पण लांब नाही, म्हणून त्याला रानात सोडलेले नाही. बोलणे मात्र कमी झाले आहे. थव्यात असला की पोपट पोपटासारखे ओरडतो. मावशींना हे सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग लेकीला फोन लावून तिला दिवाळीला चार दिवस जास्त राहायला ये म्हणाल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर दहा मिनिटे हा विषय काढा. गावात कुणाकुणाच्या घरी देशी पोपट आहे? त्यातला कुणी पिसे उपटतो का? आणि बाजारात यंदा कुणी पिल्ले घेऊन बसते का? ज्यांच्या घरी आहे त्यांच्याशी भांडू नका, लाजवू नका. आपल्यापैकी बहुतेकींच्या माहेरी कधी ना कधी तो होताच. त्यांच्या शेजारी बसा आणि फोन लावायला सोबत करा.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.